ठेका हे नवे वतन

(पूर्णा, जिल्हा परभणी, येथे शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत एका प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण)



आज मी आपणांपुढे एका रुक्ष वाटणाऱ्या विषयावर बोलणार आहे. सरकारी नोकऱ्या कोण देतो, कोणाच्या मार्फत देतो, आणि त्यापायी सरकारी खाती जो पैसा खर्च करतात त्याचा हिशेब कोण कोणाला देतो, हा तो विषय. आपणांपैकी पुष्कळांस वाटेल की हे काम वकिलांचे, पुढाऱ्यांचे आणि मुंबईच्या मंत्रालयाचे. नांगर धरणाऱ्याचा नि भाता ओढणाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. सरकारच्या खजिन्यात पैसा आभाळातून पडत नाही. खताच्या पोत्यावर कर आहे, फवारणीच्या औषधावर कर आहे, लोहाराच्या लोखंडावर, सुताराच्या पटाशीवर, शिंप्याच्या यंत्रावर आणि पंपात घालायच्या डिझेलवर कर आहे. हा कर घेताना कोणी आपल्याला विचारत नाही की, बाबा, तू किती इयत्ता शिकलास. मग हिशेब मागायला गेल्यावरच 'हे तुला कळायचे नाही' असे आपण का ऐकून घ्यावे?

दुसरे असे की, आपल्या घरोघरी एक तरी मूल आज नोकरीच्या आशेवर अभ्यास करीत आहे. दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन, त्यात सोयाबीन नि तूर, आणि भावाचा भरवसा नाही. म्हणून बाप म्हणतो, एक जण तरी नोकरीला लागू दे. पूर्णा हे तर रेल्वेचे जंक्शन. कायम नोकरी एका गरीब घराचे काय करते, हे या गावाला निराळे सांगायला नको. तेव्हा ती नोकरी न्यायाने मिळते की नाही, आणि मिळाली तर ती नोकरी असते की नुसती वेठ, हा आपल्या चुलीपर्यंत येणारा प्रश्न आहे.

मी कोणत्याही पक्षाची बाजू घेऊन उभा नाही. मी जी उदाहरणे देणार आहे ती निरनिराळ्या पक्षांच्या राजवटींतली आहेत, हे आपल्या ध्यानात येईलच.

प्रथम थोडे मागे जाऊ. आपल्या वाडवडिलांच्या काळी गावचे दप्तर वतनदाराच्या घरी असे. ब्रिटिश मुलखात त्याला कुलकर्णी म्हणत, आपल्या मोगलाईत पटवारी म्हणत. जमीन कोणाच्या नावे, वसूल किती झाला, बाकी किती राहिली, सूट कोणाला मिळाली, हे सारे त्या दप्तरात. रयतेला अक्षर येत नव्हते. वतनदाराने बाकी आहे म्हटले की बाकी. नाही म्हटले की नाही. हे काम बापाकडून मुलाकडे जाई. चांगले काम केले म्हणून त्याचे कोणी कौतुक करीत नसे, आणि वाईट केले तरी गावाच्या म्हणण्यावरून ते सहसा सुटत नसे. त्यात चांगली माणसे नव्हती असे मी म्हणत नाही. पण रीतच अशी होती की ज्याच्या हाती दप्तर, त्याला जाब विचारणारा गावात कोणी नाही. अशा रीतीत चांगला माणूसही बिघडतो.

ह्या रीतीवर पहिला मोठा घाव महात्मा जोतीराव फुले यांनी घातला. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्यातला मुद्दा हिशेबाचाच होता. सरकारचा मोठा वसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, हे त्यांनी सरकारच्या तोंडावर सांगितले. पैसा कोणाचा आणि खर्च कोणावर, हे दोन प्रश्न शेजारी शेजारी मांडायला बहुजन समाज तेथून शिकला. जोतीराव १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला, तेव्हा त्याला एकट्या जोतीरावांनी विरोध केला. शेजारी बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या असताना एकट्याने 'नको' म्हणणे किती अवघड असते, हे ग्रामपंचायतीत बसणाऱ्यांना विचारा.

पुढे कोल्हापुरात राजर्षी शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ रोजी हुकूम काढला, की संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांस द्याव्या. हा हुकूम आपल्याला माहीत आहे. पण त्यातले एक कलम लोक विसरतात. प्रत्येक खात्याच्या मुख्याने या हुकुमानंतर केलेल्या नेमणुकांचे पत्रक दर तीन महिन्यांनी दरबारास सादर करावे, असे त्यात होते. महाराजांना पक्के ठाऊक होते की, नुसता हुकूम कागदावर राहतो. दर तीन महिन्यांनी 'किती नेमले, कोणाला नेमले' हे विचारले तरच तो अंमलात येतो. मग १९१८ साली त्यांनी कुलकर्णी वतने खालसा करून पगारी तलाठी नेमले, आणि अस्पृश्य मानलेल्या समाजातील तरुणांनाही ते काम दिले. तलाठी हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे की त्यामागे केवढी क्रांती आहे हे आपण विसरलो. तलाठी म्हणजे वारशाने न आलेला, परीक्षेने आलेला, पगार घेणारा, आणि चुकला तर ज्याला काढता येते असा माणूस.

आपल्या मराठवाड्यात हे दिवस उशिरा आले. निजामाच्या राज्यात खजिन्याची किल्ली रयतेने निवडलेल्या माणसांच्या हाती नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य संपले. १९५० साली भारताचे संविधान अंमलात आले आणि त्याच्या सोळाव्या कलमाने सरकारी नोकरीत सर्व नागरिकांना समान संधी दिली. मागासवर्गांसाठी राखीव जागांची सोयही त्याच कलमात आहे. वतनदारी गेली, असे आपण म्हटले.

परंतु बांधवांनो, ती पुन्हा दुसऱ्या दाराने आत आली आहे. आता तिचे नाव ठेका.

ठेका हा शब्द ऐकून कोणी बिचकू नये. ठेका घेणे हे पाप नाही. स्वतः जोतीराव सरकारी बांधकामांची कामे घेत असत, आणि त्यामुळेच बांधकाम खात्यातली लाचलुचपत त्यांना आतून ठाऊक होती. पुलाचा ठेका द्यावा. पूल किती लांब, किती रुंद, सिमेंट किती, हे मोजता येते. पूल झाला की ठेकेदार निघून जातो, आणि पूल पडला तर त्याला पकडता येते. पण गावच्या दाखल्यांवर, जन्ममृत्यूच्या नोंदींवर, नोकरभरतीच्या प्रश्नपत्रिकेवर, दवाखान्यातल्या औषधांवर ज्यांचा हात असतो, त्या माणसांचाच ठेका दिला तर काय होते? हे मी तीन उदाहरणांनी सांगतो.

पहिले उदाहरण आपल्या ग्रामपंचायतीतले आहे. तेथे संगणकावर दाखले काढून देणारा मुलगा किंवा मुलगी आपण पाहिली असेल. त्याला संगणक परिचालक म्हणतात. २०१६ सालापासून 'आपले सरकार सेवा केंद्र' या नावाने ग्रामपंचायतींत ही व्यवस्था लागू झाली, आणि काम सीएससी या कंपनीकडे देण्यात आले. एका केंद्रासाठी दरमहा १२,३३१ रुपये असा दर ठरला. हा पैसा चौदाव्या आणि पुढे पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून, म्हणजे गावच्या गटारी, पाणी, दिवाबत्ती यांसाठी आलेल्या पैशातून गेला. त्यातले परिचालकाच्या हाती सुरुवातीला दरमहा ६,००० रुपये पडत.

आता आपण वर्गात बसल्याप्रमाणे हिशेब करू. १२,३३१ गुणिले बारा म्हणजे वर्षाला १,४७,९७२ रुपये. ६,००० गुणिले बारा म्हणजे ७२,००० रुपये. वजा करा. उरले ७५,९७२ रुपये. म्हणजे काम करणाऱ्याच्या हाती पडले त्याहून अधिक पैसे वाटेत राहिले. ते सगळे कोणी खाल्ले असे मी म्हणत नाही. त्यात कागद, शाई, प्रशिक्षण, देखभाल, कर आणि कंपनीची व्यवस्था हे खर्च दाखविलेले होते. माझा प्रश्न एवढाच आहे की, त्या ७५,९७२ रुपयांचा तपशील कोणत्या ग्रामसभेपुढे वाचला गेला? ठेकेदार ग्रामपंचायतीने निवडला नाही, दर तिने ठरविला नाही, माणूस तिने नेमला नाही. पैसा मात्र तिचा. पगार तुंबला म्हणून हे परिचालक मुंबईच्या आझाद मैदानावर आणि नागपूरच्या अधिवेशनावर कित्येकदा जाऊन बसले. सरपंच म्हणतो, आम्ही पैसे भरले. कंपनी म्हणते, आमच्याकडे निधी आला नाही. सरकार म्हणते, ते आमचे नोकर नाहीत. मग तो मुलगा नोकर तरी कोणाचा?

दुसरे उदाहरण नोकरभरतीच्या परीक्षांचे. पूर्वी खाती स्वतः परीक्षा घेत, आणि त्यातही गैरप्रकार होत, हे खरे. त्यावर उपाय म्हणून परीक्षा घेण्याचेच ठेके कंपन्यांस देण्याची रीत पडली. २०१७ साली महापरीक्षा पोर्टल निघाले. उमेदवारांनी इतक्या तक्रारी केल्या की २०२० साली ते बंद करावे लागले. नंतर दुसऱ्या कंपन्या आल्या. २०२१ च्या ऑक्टोबरात आरोग्य खात्याची भरती परीक्षा झाली; प्रश्नपत्रिका फुटल्या, आणि तपासात खुद्द खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला अटक झाली. १२ डिसेंबर २०२१ रोजी म्हाडाची परीक्षा होती. आदल्या रात्री ती रद्द झाली, आणि परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्याच संचालकाला पोलिसांनी धरले. त्याच तपासातून शिक्षक पात्रता परीक्षेचा प्रकार बाहेर आला. १९ जानेवारी २०२० रोजी झालेल्या त्या परीक्षेत गुण वाढवून दिल्याच्या प्रकरणी परीक्षा परिषदेच्या आयुक्तांना अटक झाली, आणि २०२२ साली सात हजार आठशेहून अधिक उमेदवारांची संपादणूक रद्द करण्यात आली. कोण दोषी हे न्यायालय ठरवील. पण ज्या घरच्या मुलाने रात्रीचा दिवस करून अभ्यास केला आणि पैसे देणारा पुढे निघून गेला, त्या घराचे गेलेले वर्ष कोणते न्यायालय परत देणार?

मग २०२३ साली तलाठी भरती आली. जागा साडेचार हजारांच्या वर, आणि अर्ज दहा लाखांच्या वर. परीक्षा टीसीएस या कंपनीमार्फत झाली. शुल्क खुल्या वर्गास १,००० रुपये आणि राखीव वर्गास ९०० रुपये. सगळे राखीव धरले तरी दहा लाख गुणिले नऊशे म्हणजे नव्वद कोटी रुपये होतात. एका जागेमागे दोनशेहून अधिक मुले, आणि नोकरी न मिळालेल्या लाखो घरांतून प्रत्येकी हजार-नऊशे रुपये गोळा झाले. हजार रुपये म्हणजे निंदणीला जाणाऱ्या बाईची तीन-चार दिवसांची मजुरी. या पैशातून परीक्षेवर किती खर्च झाला, कंपनीला किती गेले, किती उरले, याचा ताळेबंद त्या मुलांच्या बापांना कोणी वाचून दाखविला काय? निकाल लागला तेव्हा २०० गुणांच्या परीक्षेत एका उमेदवाराला २१४ गुण दिसले. सरकारने सांगितले की, परीक्षा अनेक पाळ्यांत झाली, कोठे प्रश्न सोपे, कोठे अवघड. ते समान करण्याच्या सूत्रामुळे असे झाले. सूत्र बरोबर असेलही. पण चौथीच्या मुलाने मला विचारले की, 'गुरुजी, दोनशेपैकी दोनशे चौदा कसे?', तर मला ते फळ्यावर मांडून दाखवता आले पाहिजे. सरकारलाही लोकांपुढे मांडून दाखवता आले पाहिजे. जो हिशेब मांडून दाखवता येत नाही, त्यावर विश्वास ठेवा म्हणणे म्हणजे पुन्हा कुलकर्ण्याचे दप्तरच झाले.

तिसरे उदाहरण सर्वांत मोठे. ६ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य सरकारच्या उद्योग, ऊर्जा व कामगार विभागाने निर्णय काढून सरकारी व निमसरकारी कार्यालयांना माणसे पुरविण्यासाठी नऊ कंपन्यांची यादी मंजूर केली. अतिकुशल, कुशल, अर्धकुशल, अकुशल असे माणसांचे चार ढीग करण्यात आले. जणू बाजार समितीत मालाची प्रतवारी लावावी. राज्यभर मुलामुलींनी मोर्चे काढले. २० ऑक्टोबर २०२३ रोजी उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी हा निर्णय रद्द करीत असल्याचे जाहीर केले, आणि कंत्राटी भरतीची सुरुवात आधीच्या काँग्रेस-राष्ट्रवादीच्या व नंतर महाविकास आघाडीच्या सरकारांनी केली असा आरोप केला. विरोधकांनी तो दोष यांच्यावर ढकलला. मी म्हणतो, दोघांचेही दुसऱ्याबद्दलचे म्हणणे खरे धरा. त्यावरून एवढेच सिद्ध होते की ही वाट सर्वांनी मिळून पाडली आहे. तो एक कागद रद्द झाला. पण दवाखान्यांत, नगरपालिकांत, वीज कंपनीत ठेक्यावरची माणसे आजही राबत आहेत.

आता ठेक्याने नेमके काय बिघडते? आपल्या मराठवाड्याला हे समजावून सांगायला मोठे ग्रंथ नकोत. ऊसतोडीचा मुकादम आपण पाहिला आहे. कारखान्याला ऊस हवा, पण तोडणारा त्याला नको. म्हणून तो मुकादमाला उचल देतो. कोयता घेऊन गेलेल्या नवराबायकोला काही झाले, बैल मेला, हिशेबात खोट निघाली, तर कारखाना म्हणतो, तुमचा व्यवहार मुकादमाशी. मुकादम म्हणतो, कारखान्याने माझे बिल काढले नाही. मधल्या मध्ये मजूर पिळला जातो. सरकारने ठेक्यावर माणसे घेणे म्हणजे सरकारनेच मुकादम ठेवणे होय. फरक एवढाच की हा मुकादम फेटा बांधत नाही, इंग्रजीत करार करतो.

यात नुकसान तिघांचे होते. एक, काम करणाऱ्याचे: त्याला पगार कमी, निवृत्तिवेतन नाही, आणि उद्याची शाश्वती नाही. दोन, गावाचे: कायम नोकर चुकला तर त्याची खातेचौकशी होते, ठेक्यावरचा चुकला तर त्याला बदलून दुसरा आणतात, आणि चूक तशीच दप्तरात राहते. तीन, आणि हे बहुजन समाजाने नीट ऐकावे, राखीव जागांचे. कायम जागा भरताना सरकारला बिंदुनामावली पाहावी लागते. कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची, हे ठरलेले असते. कंपनीकडून माणसे आली की ही मोजणीच बंद पडते. जागा शाबूत, काम शाबूत, पगाराचा पैसा शाबूत. फक्त तुमच्या मुलाचा हक्क तेवढा वाटेत गळतो, आणि त्यासाठी कोणाला कायदा बदलावा लागत नाही. महाराजांच्या १९०२ च्या हुकुमाला उघड विरोध करणारे त्या काळी पुष्कळ होते. आज उघड विरोध कोणी करीत नाही; जागाच ठेक्याला देऊन टाकतात.

यावर काही शहाणे म्हणतात की, गुरुजी, सरकारजवळ पैसा नाही. कायम नोकरांचे पगार व निवृत्तिवेतन यांतच खजिना संपतो. ठेक्याने बचत होते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खर्च खरोखरच मोठा आहे, आणि कायम नोकरीत बसून कामचुकारपणा करणारेही आपण पाहतो. पण बचत होते असे म्हणणाऱ्याने बचत दाखवावी. आताच आपण केंद्राचा हिशेब केला: काम करणाऱ्याला सहा हजार, आणि गावाला खर्च बारा हजारांवर. ही बचत कोणाची झाली? कामचुकार नोकराला शिस्त लावावी, त्याच्यासाठी नियम आहेत. पण उंदीर फार झाले म्हणून कोणी कणगी पेटवीत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २० डिसेंबर २०२४ च्या एका निकालात, वर्षानुवर्षे चालणाऱ्या कायम स्वरूपाच्या कामावर तात्पुरती व ठेक्याची माणसे ठेवण्याच्या सरकारी खात्यांच्या रीतीवर कडक ताशेरे ओढले आहेत. तो खटला केंद्रीय जल आयोगाच्या कार्यालयात झाडलोट करणाऱ्या बायका व एका माळ्याने लढविला होता. हातात झाडू घेतलेल्या बायकांनी सरकारला जाब विचारला. आपण तर मतदार आहोत, शेतकरी आहोत.

आता एक कडू गोष्ट सांगतो, आणि ती सांगितल्यावाचून हे भाषण पुरे होणार नाही. जेव्हा कचेरीत सगळे परके बसलेले होते, तेव्हा बहुजन समाज प्रश्न विचारीत असे. आज मंत्री आपले आहेत, आमदार आपले आहेत, जिल्हा परिषद आपली, साखर कारखाना आपला, आणि पुष्कळ ठिकाणी ठेकेदारही आपलाच पाहुणा आहे. आता आपण विचारीत नाही. 'आपला माणूस आहे, त्याला कशाला अडवायचे?' असे म्हणतो. लग्नाला तो येतो, दहाव्याला येतो, जत्रेला देणगी देतो. मग त्याला ठेक्याचा दर कसा विचारायचा? बांधवांनो, देणगी पाच हजारांची आणि ठेका पाच लाखांचा, हे गणित आपण कधी मांडणार आहोत? सत्यशोधक चळवळीने एका जातीच्या जागी दुसऱ्या जातीचा वतनदार बसवायचा म्हणून कष्ट केले नाहीत. ज्याच्या हाती दप्तर, त्याने रयतेला जाब द्यावा, तो कोणत्याही जातीचा असो, हे तिचे मागणे होते. ठेकेदाराची जात मी विचारीत नाही. तो हिशेब कोणाला देतो, एवढेच विचारतो.

मग करायचे काय? नुसते रागावून काही होत नाही. उपाय कायद्यात आहेत, आणि ते आपल्या हातचे आहेत.

पहिला उपाय ग्रामसभा. ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे वर्षातून चार ग्रामसभा झाल्याच पाहिजेत. आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागील वर्षाचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल आणि लेखापरीक्षणाचे शेरे ठेवले पाहिजेत, असे त्या कायद्यात आहे. शेरे म्हणजे तपासनिसाने दाखविलेल्या चुका. त्या दिवशी कामाचा खाडा करून जा. सह्या गोळा करायला वही घरी आली तर सही करू नका. म्हणा, सभा भरवा, तेथे सही करतो. आणि तेथे उभे राहून तीन प्रश्न विचारा: या वर्षी कोणत्या ठेकेदाराला किती रुपये दिले? त्यातले काम करणाऱ्याच्या हाती किती पडले? हा दर कोणी ठरविला? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. बायकांनी तर अवश्य जावे. घरचा हिशेब त्या ठेवतात, त्यांना फसविणे कठीण असते.

दुसरा उपाय माहितीचा अधिकार. हा कायदा सरकारने कृपेने दिला नाही. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेच्या गरीब मजुरांनी डिसेंबर १९९४ मध्ये कोटकिराणा गावी जनसुनावणी भरविली. कामांच्या हजेरीपटातली नावे मोठ्याने वाचली, तेव्हा कामावर कधी न गेलेल्यांची नावेही त्यात निघाली. 'आमचा पैसा, आमचा हिशेब' हे मागणे तेथून देशभर गेले. आपल्या महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००२ चा कायदा झाला, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशाचा कायदा लागू झाला. अर्जाला दहा रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालच्याला तेही माफ. तीस दिवसांत उत्तर आले पाहिजे. न आले तर त्याच कार्यालयाच्या वरच्या अधिकाऱ्याकडे अपील, आणि त्यापुढे राज्य माहिती आयोग. अर्ज लांबलचक लिहू नका. एका अर्जात एकच विषय, आणि दीडशे शब्दांच्या आत. ठेक्याची प्रत मागा, बिलांच्या प्रती मागा, काम करणाऱ्यांच्या पगारपत्रकाची प्रत मागा. आणि अर्ज एकट्याच्या नावे करू नका. एकट्याला दाबता येते; त्याच गावातून दहा जणांनी दहा अर्ज केले तर दाबणाऱ्याचा हात आखडतो. ज्याला लिहिता येत नाही त्याने शाळेत शिकणाऱ्या आपल्या मुलाकडून लिहून घ्यावे. मुलाने शिकून बापासाठी एवढे केले तरी शाळेचे सार्थक झाले.

तिसरा उपाय आपला आमदार. राज्याचा खर्च महालेखापरीक्षक तपासतात. त्यांचे अहवाल विधिमंडळापुढे ठेवले जातात, पण बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे चर्चा व्हायला वेळच नको. आमदाराला रस्ता मागा, सभामंडप मागा, त्याला माझी हरकत नाही. पण एकदा हेही विचारा की, साहेब, त्या अहवालातले परभणी जिल्ह्याबद्दलचे पान आपण वाचले काय?

या सभेने चार मागण्या मंजूर कराव्या, अशी माझी विनंती आहे. पहिली, गावचे दप्तर, शाळा, दवाखाना आणि परीक्षा ही कामे ठेक्याने न देता कायम नेमणुकीच्या माणसांकडून करून घ्यावी, आणि नेमणुका लोकसेवा आयोगासारख्या जाब देणाऱ्या मंडळामार्फत व्हाव्या. दुसरी, जेथे ठेका आहेच तेथे ठेकेदाराचे नाव, मुदत, दर आणि काम करणाऱ्याचा पगार हे मराठीत, ठळक अक्षरांत, कार्यालयाच्या फळ्यावर लावावे. तिसरी, भरतीच्या प्रत्येक परीक्षेच्या शुल्काचा जमाखर्च निकालाबरोबर जाहीर करावा, आणि उरलेला पैसा मुलांना परत द्यावा किंवा पुढच्या परीक्षेचे शुल्क तेवढे कमी करावे. चौथी, प्रत्येक खात्याने दर तीन महिन्यांनी पत्रक काढावे: कायम किती नेमले, ठेक्यावर किती घेतले, आणि कोणत्या प्रवर्गाचे किती. हे शेवटचे मागणे नवे नाही. १९०२ साली एका राजाने ते आपल्या अधिकाऱ्यांकडून मागितले होते. राजाला जे विचारता आले, ते आता राजे नसलेल्या राज्यात रयतेला विचारता आलेच पाहिजे.

खळ्यावर रास पडली की मापाला बसताना शेतकरी डोळे मिटत नाही. माप बरोबर पडते की नाही, हे तो शेवटच्या पायलीपर्यंत पाहतो. सरकारचा खजिना ही आपलीच रास आहे, तेव्हा मापाच्या वेळी हजर राहा.

सत्यमेव जयते.